शेंड्याकडून की बुडख्याकडून?

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) ऊस टनांत बोलतात. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हापासून इथला ऊस म्हणजे काटा, उतारा आणि पहिली उचल. अशा मुलखात कुणी ‘खायला एक ऊस द्या’ म्हटलं, की शेतकरी जरा दचकतोच. मग फडातला चांगला जाडजूड बघून देतो. पैसे विचारले तर रागावतो.

शहरातल्या घरी आणलेला हा ऊस लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून जिन्याने वर येतो. मग हत्याराचा प्रश्न. स्वयंपाकघरातल्या सुरीला तो दाद देत नाही, विळीचं पातं डुगडुगतं, आणि कोयता आता कुणाच्या घरी असतो? असलाच, तर पेराच्या नादी लागू नये. दोन पेरांच्या मधोमध तिरका घाव घालावा. कांडं धुवावं, वरचा पांढुरका मेणचट थर फडक्याने पुसावा, उभं धरून साल उतरवावी. पेरं उडवून मधला गर उभा चिरला की झाले करवे. संक्रांतीच्या सुगडात घालतात तेच.

आजोबांना ही सगळी बायकी नाजूक कामं वाटत. साल दातांनी धरायची आणि एका ओढीत खाली आणायची, हा त्यांचा बाणा. कवळी बसल्यावर ऊस सुटला, पण सल्ला सुटला नाही. ‘शेंड्याकडून सुरू कर रे!’ साखर आधी बुडख्याकडच्या जुन्या कांड्यांत भरते, शेंडा पाणचट राहतो. बुडख्यापासून खाणारा शेवटी तोंड वाकडं करून उठतो.

त्यांचा खरा राग नव्या वाणांवर. पूर्वीचा पुंड्या मऊ, रसाळ. हा ८६०३२ चरकासाठीच जन्माला आलेला. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या जावयाला ते दर दिवाळीला गाठत. ‘काय हो जावईबापू, वजन पाहिलंत, उतारा पाहिलात; दात कुणी पाहिले?’ जावईबापू चिवडा पुढे सरकवत.

राहता राहिला चोथा. गावाकडे वाढं जनावरांना, पाचट फडात, चोथा उकिरड्यावर. विचार करावाच लागत नाही. इथे मात्र ओला की सुका, यावर घरात मतभेद. शेवटी पिशवी घंटागाडीवाल्यापुढेच धरली. त्याने आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, ‘एखादं कांडं उरलंय का, ताई?’