लॅगपारखी

लॅगपारखी म्हणजे नव्या फोनच्या पडद्यावरची बारीकशी अडखळ नुसत्या डोळ्यांनी ओळखणारा, आणि ओळखल्यावर गप्प न बसणारा इसम. बीड जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत तो आढळतो. बीड शहरात सुभाष रोडवरच्या मोबाईलच्या दुकानांपाशी, अंबाजोगाईत अभ्यासिकांच्या पायऱ्यांवर, गेवराई-माजलगावकडे चहाच्या टपरीवर आणि खेड्यात पारावर त्याची वस्ती असते. वय अठरा ते तीस. पोलीस भरती किंवा एमपीएससी यांपैकी एखादी तयारी चालू असते आणि ती चालूच असते. मोबाईल हा त्याचा धंदा नसतो. दुरुस्तीवाला फोन उघडतो, दुकानदार विकतो, फायनान्सवाला त्याचे हप्ते पाडतो. लॅगपारखी फक्त वर-खाली करतो.

त्याचे कुळ मात्र जुने आहे. बैलजोडी घ्यायला बाजारात जाताना गावातला एक जाणता सोबत न्यायचा, ही रीत जिल्ह्यात पिढ्यानपिढ्या होती. हा जाणता बैलाचे दात बघे, खूर बघे, चार पावले चालवून बघे आणि मालकाच्या तोंडावर काही न बोलता मान हलवी. बैलांची जागा मोटारसायकलींनी घेतल्यावर तोच माणूस इंजिनाला कान लावून ‘टायमिंग चेन वाजायलीय’ असे सांगू लागला. मोटारसायकली शोरूममधून सीलबंद भावाने येऊ लागल्या, तेव्हा या घराण्यावर बेकारी आली. मग स्मार्टफोन आले.

पारख्याच्या शास्त्राचा पाया भक्कम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. फोनच्या पडद्यावरचा मजकूर सरकतो असे वाटते, पण सरकत काहीच नसते. पडदा एकामागून एक स्थिर चित्रे दाखवत असतो. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवतो, म्हणजे पुढचे चित्र तयार करायला फोनला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. पडदा १२० हर्ट्झचा असला की ही मुदत ८.३ मिलिसेकंदांवर येते. तेवढ्यात चित्र तयार झाले नाही, तर पडदा नाइलाजाने आधीचेच चित्र पुन्हा दाखवतो. बोट पुढे गेलेले असते, मजकूर मागे राहिलेला असतो. या एका हुकलेल्या चित्रावर लॅगपारखी जगतो. माणसाची पापणी लवायला यापेक्षा दहापटीहून अधिक वेळ लागतो, म्हणून परीक्षा चालू असताना तो पापणी लवू देत नाही.

विलंब ही बीडच्या माणसाला अपरिचित गोष्ट नाही. अहिल्यानगर-बीड-परळी हा रेल्वेमार्ग गेल्या शतकातल्या नव्वदीच्या दशकात मंजूर झाला आणि बीडहून अहिल्यानगरची गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी सुरू झाली. बहुतेक लॅगपारखी मंजुरीनंतर जन्मले, शाळेत गेले, पदवीधर झाले आणि गाडी येईपर्यंत दोन-तीनदा भरतीच्या मैदानावर धावूनही आले. या विलंबाबद्दल त्यांनी कधी आवाज चढवल्याचे दिसत नाही. आठ मिलिसेकंदांच्या बाबतीत मात्र त्यांच्याकडे माफी नाही.

परीक्षेचा विधी ठरलेला असतो. नवा फोन हातात आला की पारखी प्रथम तो पालथा करून कॅमेऱ्यांकडे तुच्छतेने बघतो, कारण कॅमेरा बघून फोन घेणारे लोक त्याच्या लेखी अडाणी असतात. मग तो उजवा अंगठा शर्टाला पुसतो. नवशिक्या असेल तर इन्स्टाग्राम उघडतो. मुरलेला पारखी सेटिंग्जची यादी उघडतो, कारण इन्स्टाग्राम अडखळले तर दोष नेटवर्कचा असू शकतो, सेटिंग्जला असा बहाणा नसतो. आधी अंगठा अगदी सावकाश वर नेला जातो, अक्षरे बोटाला चिकटून येतात की मागे रेंगाळतात ते बघायला. मग एक जोराचा झटका दिला जातो आणि यादी धावत जाऊन कशी थांबते ते पाहिले जाते. चांगला फोन हळूहळू वेग कमी करत थांबतो. वाईट फोन थांबताना एक हिसका देतो. त्या क्षणी पारख्याच्या भुवया किंचित वर जातात, आणि फोनच्या मालकाने त्या पाहिलेल्या असतात.

अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. संतकवीने पंचीकरण हा वेदान्ताचा विषय लिहून काढलेले हे कापड सुमारे ४० फूट लांब आहे. लॅगपारख्याच्या अंगठ्याखालून रोज त्याच्या कितीतरी पट मजकूर सरकतो. त्यातला एक शब्दही त्याने वाचलेला नसतो.

डोळ्यांवर भागले नाही तर पुढची पायरी येते. फोनच्या ‘अबाउट’ विभागात बिल्ड नंबर नावाची एक निरुपद्रवी ओळ असते. तिच्यावर सात वेळा टिचकी मारली की ‘आता तुम्ही डेव्हलपर झालात’ अशा अर्थाचा संदेश येतो. ज्याला तलाठी भरतीने दोनदा नाकारले आहे, त्याला ही पदवी सात टिचक्यांत मिळते, तेव्हा तो ती वरचेवर घेतो यात नवल नाही. या गुप्त दालनात पडद्याचा चालू वेग कोपऱ्यात दाखवण्याची सोय असते, ॲनिमेशनचा काळ अर्ध्यावर आणण्याची सोय असते आणि प्रत्येक चित्राला किती वेळ लागला त्याचे रंगीत दांडे उमटवण्याचीही सोय असते. त्या दांड्यांवर एक आडवी हिरवी रेघ असते. दांडा रेघेच्या वर गेला की फोन मुदतीत नापास. पारखी हे दांडे मालकाला दाखवतो. मालकाला त्यातले काही कळत नाही, पण रेघ ओलांडणे वाईट असते एवढे तो समजतो आणि घाबरतो.

या संप्रदायाचा इतिहास फार जुना नाही. अँड्रॉइड फोन पूर्वी सरसकट अडखळत आणि कुणाला त्याचे काही वाटत नसे. गूगलने २०१२ साली अँड्रॉइड ४.१ बरोबर ‘प्रोजेक्ट बटर’ आणले, सेकंदाला ६० चित्रांचे ध्येय ठेवले आणि लोकांना गुळगुळीतपणाची चटक लावली. २०१७ साली वनप्लस ५ या फोनवर मजकूर वर-खाली करताना रबरासारखा ताणतो-आखडतो, अशी ओरड झाली. पडदा आत उलटा बसवल्यामुळे असे होते, असे जाणकारांनी दाखवून दिले. हे नैसर्गिक आहे, असे कंपनीचे उत्तर आले. २०२१ च्या आयपॅड मिनीबाबतही हीच तक्रार झाली आणि पडद्यावरच्या ओळी एकामागून एक रंगत असल्याने असे होणारच, असा खुलासा ॲपलनेही केला. लॅगपारखी ही दोन्ही प्रकरणे मुखोद्गत ठेवतो. मोठमोठ्या कंपन्यांना जे दिसले नाही किंवा दिसूनही मान्य झाले नाही ते साध्या ग्राहकाच्या डोळ्याला दिसले, यातून त्याला मोठे बळ मिळते.

पारख्यांची सर्वांत कडवी भांडणे आयफोनवाल्यांशी होतात. प्रो मॉडेलला १२० हर्ट्झचा पडदा २०२१ साली मिळाला, पण साधा आयफोन त्यानंतरही चार वर्षे ६० वरच होता. २०२५ च्या आयफोन १७ मध्ये त्याची सुटका झाली. तोवर पंधरा-सोळा हजारांच्या अँड्रॉइड फोनवरसुद्धा १२० चा आकडा छापून येत होता. ‘सत्तर हजार घातले आन साठवर बसलाय’ हे वाक्य त्या काळात जिल्ह्यातल्या टपऱ्यांवर पुष्कळदा ऐकू येई. आयफोनवाला उत्तरादाखल फोन नुसता वर-खाली करून दाखवी, आणि तो गुळगुळीत चाले. याचे कारण असे, की ६० चित्रे ठरल्या वेळी येत राहिली तर ती डोळ्याला सुखाची वाटतात. १२० मधली अधूनमधून गळू लागली की तीच खुपतात. खोक्यावरचा आकडा पडद्याची ऐपत सांगतो. तेवढी चित्रे वेळेत पुरवण्याची प्रोसेसरची ऐपत आहे का, ते खोक्यावर छापत नाहीत. पारख्याला हे नीट ठाऊक असते, पण भांडणाच्या भरात तो ते सांगत नाही.

लॅगपारख्याचा उपद्रव समजून घ्यायचा तर नवा फोन घेतलेला जिल्हा परिषदेचा एखादा शिक्षक डोळ्यांपुढे आणावा. दिवाळीच्या ऑफरमध्ये त्याने चोवीस हजारांचा फोन घेतलेला असतो आणि तीन दिवस तो सुखात असतो.

“मामा, नवा घेतला वाटतं?”

“हो, परवाच.”

“बघू.”

अर्धा मिनिट शांतता.

“चांगलाय. पण…”

“पण काय?”

“काही नाही. जरासा अडकायलाय.”

“मला तर नाही दिसत रे.”

“नाही दिसणार. असं बघा. अंगठा हळू न्या. आता?”

आता दिसते. आणि एकदा दिसले की ते न दिसण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. त्या दिवसापासून मामा व्हॉट्सॲपवरचे निरोप वाचत नाहीत, ते कसे सरकतात हे बघतात. शाळेच्या ग्रुपवर मुख्याध्यापकांनी टाकलेले माहिती भरण्याचे पत्रक तीनदा वर-खाली होते आणि भरायचे राहून जाते. घरी हा विषय निघाला की मामी एकच प्रश्न विचारतात, “पेपर वाचायला चष्मा लागतो, आन हे कसं काय दिसायलंय?” या प्रश्नाला पारखीशास्त्रात उत्तर नाही.

खरे म्हणजे नवा फोन पहिले काही दिवस अडखळतो, त्याची कारणे साधी असतात. जुन्या फोनमधले हजारो फोटो आणि निरोप आत येत असतात, सगळी ॲप एकाच वेळी अद्ययावत होत असतात, फोन आतून घामाघूम असतो. बॅटरी सेव्हर चालू राहिला तर बरेच फोन १२० वरून गुपचूप ६० वर उतरतात. दुकानात घाईने चिकटवलेली जाड काच बोटाचा स्पर्श नीट पोहोचू देत नाही. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीच्या वर असताना, मोटारसायकलच्या हँडलला नकाशा लावून बीडहून आष्टीला निघालेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी उजेडही कमी करतो आणि वेगही. ‘आठ दिवस वापरून बघा, मग सांगा’ हा योग्य सल्ला होय. लॅगपारखी तो देतो, पण सगळ्यात शेवटी, निघता निघता, मोटारसायकलला किक मारताना.

जिथे पडदा खरोखर अडखळतो तिथे त्याला सहसा कुणी बोलावत नाही. दिवाळीनंतर जिल्ह्यातून ऊसतोडीच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या तळांवर जातात. कोपीतला, म्हणजे तिथल्या झोपडीतला, फोन तीन-चार जीबीचा, जुना, काचेला तडा गेलेला. आत बारशाचे, हळदीचे व्हिडिओ, देवदेवतांच्या सकाळच्या शुभेच्छा आणि मुकादमाच्या ग्रुपवरची अखंड वर्दळ. साठवण शंभर टक्के भरलेली. नंबर दाबल्यावर पडदा उघडायला मिलिसेकंद नव्हे, चांगले चार-पाच सेकंद लागतात, आणि पलीकडे गावी आजीजवळ ठेवलेले लेकरू फोन उचलून बोलेनासा झाला म्हणून ठेवून देते. घरातला एखादा पारखी सुटीत तळावर गेला की आई त्याच्या हाती फोन देते, “बघ रे, लई हँग व्हायलाय.” तो व्हॉट्सॲपची साठवण उघडतो, फॉरवर्ड झालेले मोठमोठे व्हिडिओ उडवतो, बारशाचे ठेवतो, न लागणारी ॲप काढतो, सात टिचक्या मारून ॲनिमेशन अर्ध्यावर आणतो. पंधरा-वीस मिनिटांत फोन पहिल्यापेक्षा बरा चालू लागतो. त्याच्या आयुष्यातले सर्वांत उपयोगी काम बहुधा हेच असते. मित्रांत मात्र तो याची गोष्ट कधी सांगत नाही. पाच सेकंदांची अडखळ कुणालाही दिसते. त्यात पारख कसली?

नव्या अपडेटचा दिवस हा पारख्याचा सण. अपडेट रात्री येते, तो पहाटे उठतो. भरतीच्या धावण्याला तो एरवी इतक्या पहाटे उठतोच असे नाही. अपडेटने अडखळ गेली तर ‘मी म्हणलो होतो, सॉफ्टवेअरचा दोष होता’, आणि वाढली तर ‘मी म्हणलो होतो, अपडेट टाकू नका’. दोन्ही वाक्ये त्याने आधी कधीतरी म्हटलेली असतात, त्यामुळे त्याला खोटे ठरवता येत नाही.

दुकानदारांचे त्याच्याशी नाते गुंतागुंतीचे आहे. तो येतो तेव्हा चार गिऱ्हाइके घेऊन येतो आणि जाताना त्यांतली दोन शेजारच्या दुकानात नेतो. तो स्वतः फोन क्वचितच घेतो, कारण घेण्याजोगा फोन अजून निघायचा असतो. त्याला हाकलले तर दुकानातला प्रत्येक फोन अडकतो अशी बातमी संध्याकाळपर्यंत पसरते. बसवून घेतले तर काउंटरवरचा डेमो फोन दिवसभर त्याच्या अंगठ्याखाली राहतो. म्हणून जाणते दुकानदार मधला मार्ग काढतात. त्याला भाऊ म्हणतात, खुर्ची देतात, आणि गिऱ्हाईक पैसे मोजायला लागले की चहा आणायला पाठवतात. शेजारच्या टपरीवरचा चहा त्या वेळी अचानक बेचव ठरतो. तो बसस्थानकापासून आणावा लागतो.