सरहद्दीपलीकडचे तात्या

तात्यांच्या तोंडातले दहा दात मेक्सिकोचे आहेत. नाकावरचा चष्मा मेक्सिकोचा, रक्तदाबाच्या गोळ्याही तिकडच्याच. उरलेल्या देहाचं दुकान तिकडे अजून कुणी काढलेलं नाही, म्हणून तेवढे तात्या अमेरिकन राहिलेत.

'तात्या' हे नाव मी ठेवलेलं. माणूस मूळचा नॉर्थ डाकोटाचा, उभा जन्म गव्हाच्या शेतीत गेलेला. पण आमचे एक खरे तात्या कोल्हापुरात होते. कर्नाटकात पेट्रोल स्वस्त म्हणून ते चाळीसेक किलोमीटर जाऊन निपाणीला टाकी भरायचे, आणि जाण्यायेण्यात किती जळलं हे विचारणाऱ्याशी आठवडाभर अबोला धरायचे. नोकरीपायी मी अ‍ॅरिझोनातल्या यूमाला आलो आणि शेजारच्या आवारात हे गृहस्थ वहीत काहीतरी लिहिताना दिसले. वहीचं पान मधोमध दुमडलेलं. डावीकडे 'इकडे', उजवीकडे 'तिकडे'. मी बायकोला म्हटलं, "अगं, तात्या!"

थंडी सुरू झाली की उत्तरेकडची म्हातारी मंडळी घरदार घेऊन यूमात उतरतात. इथले लोक त्यांना 'स्नोबर्ड' म्हणतात. घरदार हे शब्दशः घ्यायचं. मोटारहोम म्हणजे आपल्या एसटीएवढी गाडी, आत ओटा, फ्रीज, पलंग, संडास, आणि बटण दाबलं की अख्खी भिंत बाहेर सरकून दिवाणखाना मोठा. एका गॅलनला सातआठ मैल, त्यामुळे अशी गाडी नॉर्थ डाकोटाहून इथवर आणणाऱ्या माणसानं काटकसरीवर बोलू नये असं आपल्याला वाटतं. तात्या दुसऱ्या कशावर बोलतच नाहीत.

यूमापासून दहाएक मैलांवर सरहद्द आणि पलीकडे लॉस अल्गोदोनेस. मेक्सिकोच्या अगदी उत्तरेच्या टोकाचं हे गाव. चार गल्ल्या, पण दातांचे दवाखाने इतके की अमेरिकन लोक त्याला लाडानं 'दाढांचं शहर' म्हणतात. गाडी अलीकडे लावायची, चालत जायचं, दात बसवून, चष्मा घेऊन, टाको खाऊन चालत परत यायचं. तात्यांचा हा नित्यक्रम. घरच चालवत पलीकडे न्यायचा बेत मात्र पहिलाच.

त्याला कारण ऊन. यूमात वर्षाकाठी सुमारे ४,००० तास ऊन असतं. बारा वर्षांत गाडीच्या रंगावरचा चकाकीचा थर उन्हानं सोललेल्या नाकासारखा निघायला लागला होता. बाजूचे शोभेचे पट्टे तडकून त्यांचे पापुद्रे वाऱ्यावर फडफडत. इकडच्या एका कारखान्यानं जो अंदाज दिला तो कागद तात्या घडी करून पाकिटात ठेवत आणि भेटेल त्याला उलगडून दाखवत. त्या आकड्यात आमच्या कोल्हापूरच्या तात्यांना जन्मभर निपाणीचं पेट्रोल पुरलं असतं. पलीकडचा रंगारी म्हणाला, तिसऱ्या हिश्श्यात करतो. तात्यांनी त्यातूनही दोनशे डॉलर कमी करून घेतले. वहीत ते दोनशे दोनदा अधोरेखित आहेत.

मग तयारी. अमेरिकेचा विमा सरहद्दीपलीकडे चालत नाही, मेक्सिकोचा वेगळा काढावा लागतो, आणि तो दिवसांच्या हिशेबानं मिळतो. रंगारी म्हणाला दहा दिवस, तात्यांनी मोजून दहा दिवसांचा काढला. नॉर्थ डाकोटात दहा दिवस म्हणजे दहा दिवस असतात. अकराव्या दिवशी रंगारी म्हणाला, "मान्याना." या शब्दाचा शब्दकोशातला अर्थ 'उद्या'. आपल्याकडच्या टेलरच्या 'उद्या'शी त्याचं सख्खं नातं आहे.

बाराव्या दिवशी तात्यांनी मला सोबत नेलं. माझी दाढ ठणकत होती हे त्यांनी कुंपणापलीकडून हेरलं होतं. काकू गाडीतच राहत होत्या. खिडक्यांवर कागद आणि चिकटपट्ट्या, त्यामुळे भर दुपारी आत दिवा लावून त्या विणत बसलेल्या. "बाहेर किती वाजलेत?" हा त्यांचा मला पहिला प्रश्न. रंग त्यांनीच निवडला होता, ओल्या वाळूचा. तात्यांना जुनाच हवा होता, कारण जुन्या रंगाचा अर्धा डबा घरी शिल्लक होता.

घासकाम, लांबी भरणं, प्रायमर सगळं उरकलं होतं. मुख्य रंगही बसला होता. आता बाजूच्या लाटा काढायच्या होत्या. या गाड्यांच्या अंगावर पुढून मागे वाहत जाणारे जे झोकदार पट्टे असतात ते. मला वाटलं, साचा असेल. रंगाऱ्यानं करंगळीच्या नखाहून बारीक टेपचं रीळ घेतलं, टोक हेडलाइटपाशी चिकटवलं आणि रीळ उलगडत उलटा चालू लागला. डाव्या हातानं टेप ताणलेली, उजव्या अंगठ्यानं मागोमाग दाबत. चाकाच्या कमानीपाशी गुडघ्यात वाकला, दारापाशी टाचा उंचावल्या, आणि अडतीस फुटांची लाट कुठेही न अडखळता मागच्या दिव्यापाशी जाऊन संपली. दोन पावलं मागं सरकून त्यानं डोळा बारीक केला, मान हलवली, सगळी टेप फर्रकन उपटली आणि पुन्हा हेडलाइटपाशी गेला.

तात्यांची वही बंद होती. गव्हाच्या शेतात सरळ तास काढण्यात ज्याची हयात गेली, त्याला वाकडी रेघ नीट काढणं काय असतं ते कळत असावं. निघताना त्यांनी रंगाऱ्याच्या पोरांच्या हाती तीनशे डॉलर कोंबले. हे वहीत नाही.

वहीत आणखीही बरंच नाही. विम्याचे वाढीव दिवस, काकूंनी वेळ जाईना म्हणून घेतलेली चांदीची कर्णफुलं, आणि 'इथं आलोच आहोत तर' या कलमाखाली बसवलेला दहावा दात. मी एकदा बेरीज करायला गेलो तर तात्यांनी माझ्या दाढेची चौकशी सुरू केली.

परतीच्या रांगेत मोटारहोम तीन तास उभी होती. अंमलदारानं विचारलं, "काय आणलंत?"

"रंग," तात्या छाती काढून म्हणाले.

तो गाडीभोवती फिरला, लाटेवरून एक बोट हळूच फिरवलं, आत शिरून फ्रीज उघडला आणि काकूंची संत्री तेवढी काढून घेतली.

गेले पंधरा दिवस आवारातली मंडळी खुर्च्या घेऊन त्या गाडीसमोर बसतात. तात्या पाकिटातला कागद उलगडतात, आकडा वाचून दाखवतात आणि मग मधे बराच वेळ काही बोलत नाहीत. गोष्ट कशी सांगायची ते त्यांना कळतं.

काल सकाळी त्यांचा फोन आला. "गुरुवारी मोकळा आहेस का? आरशाखाली एक ओरखडा आलाय. इकडचा माणूस त्याचे काय सांगतो ठाऊक आहे?"

मी म्हटलं, माझी दाढ आता बरी आहे.

"कुठल्या बाजूची?" तात्यांनी विचारलं.