काउंटसाहेब, या बसा

‘ड्रॅक्युला’ उघडली की रामाकोन्याच्या माणसाला पहिल्याच पानावर घरी आल्यासारखं वाटतं. साऱ्या जगाची झोप उडवणारी ही कादंबरी सुरू होते ती गाडी लेट झाल्याच्या तक्रारीने. जोनाथन हार्कर नावाचा तरुण इंग्रज वकील ट्रान्सिल्व्हेनियाच्या वाटेवर आहे, आणि रोजनिशीत त्याने पहिली नोंद काय करावी? गाडी तासभर उशिरा. पुढे तो असाही शेरा मारतो, की पूर्वेकडे जावं तसतशा गाड्या जास्तच बेभरवशाच्या होत जातात. या हिशेबाने तो आमच्या नागपूर-छिंदवाडा छोट्या लाइनीवर आला असता, तर रोजनिशी मिटून त्याने पंचांगच हाती घेतलं असतं.

लोधीखेडा, सौंसर, रामाकोना करत ती नॅरोगेज डुलत यायची आणि पुढे भिमालगोंदीच्या घाटाकडे निघायची. २०१५ साली ती बंद झाली, नंतर मोठी लाइन आली. पण माझ्या डोक्यातल्या ट्रान्सिल्व्हेनियात अजून छोटी लाइनच चालते. डोंगर सातपुड्याचे, कोल्हे आपलेच, आणि काउंटचा किल्ला भिमालगोंदीच्या थोडा वर.

त्याच पानावर हार्कर मिरचीतली झणझणीत कोंबडी खातो आणि रात्री उठून सुरईभर पाणी रिचवतो. व्हॅम्पायर अजून लांब आहे आणि नायकाचे हाल आधीच सुरू. सावजी खाऊन झोपलेला पुण्याचा पाहुणा आमच्याकडे अगदी असाच मध्यरात्री माठ शोधत हिंडतो.

गंमत अशी, की हे लिहिणारा ब्रॅम स्टोकर आयुष्यात कधी ट्रान्सिल्व्हेनियाला गेलाच नव्हता. गडी लंडनच्या लायसियम नाटक कंपनीचा व्यवस्थापक, म्हणजे हिशेबाच्या वह्या आणि दौऱ्यांची वेळापत्रकं यांत बुडालेला. १८९७ साली त्याने ही कादंबरी काढली ती लोकांची प्रवासवर्णनं वाचून. म्हणूनच की काय, तिची नायिका मीना आगगाड्यांचं वेळापत्रक पाठ करून ठेवते आणि शेवटी राक्षसाला गाठायला तेच कामी येतं. आमच्या काकांनाही छोट्या लाइनीचं वेळापत्रक तोंडपाठ होतं. गाडीला नव्हतं, एवढाच फरक.

तर हा माझा नाद. व्हॅम्पायर, पिशाच्चांचे किल्ले, शापित राजघराणी, काळी जादू असलं काहीही मी वाचतो. अडचण एकच. हा नाद पुण्या-मुंबईत शोभतो, रामाकोन्यात नाही. सौंसरजवळ जामसावळीला निजलेल्या हनुमंताचं देऊळ आहे आणि बाहेरची बाधा झालेली माणसं तिथे लांबलांबून आणतात. म्हणजे भीती जावी म्हणून लोक गाडीभाडं खर्चून आमच्या तालुक्यात येतात आणि मी भीती यावी म्हणून गाडीभाडं खर्चून नागपूरला, सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे जातो. हे गणित घरात कुणालाच कधी सुटलं नाही.

“पैसे देऊन भेव आणून राह्यला हा पोट्टा,” माझी मोठी आई शेजारणीला सांगायची. आवाजात काळजी कमी आणि उधळपट्टीचा राग जास्त. “फुकट भेटते इथं, तं हा नागपूरहून आणते!”

नागपूरहूनच आणावं लागतं, त्याला इलाज नाही. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. बोली मराठी, शाळा बहुतेकांची हिंदी, तलाठ्याला पटवारी म्हणायचं आणि मराठी पुस्तक हवं असेल तर राज्य ओलांडायचं. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, आमचा पत्ता बदलला. पुस्तकाचं दुकान तिकडेच राहिलं.

अशाच एका फेरीत नारायण धारपांची ‘लुचाई’ हाती लागली. मराठी माणसाला रक्तपिपासू पिशाच्चाची ओळख करून द्यावी तर धारपांनीच. या कादंबरीचं बीज स्टीफन किंगच्या १९७५च्या ‘सालेम्स लॉट’मधलं, आणि किंगच्या डोक्यात तरी ते कुठून आलं? ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल, या प्रश्नातून. म्हणजे काउंट आधी लंडनला गेला, मग अमेरिकेत, तिथून धारपांचं बोट धरून महाराष्ट्रात, आणि माझ्या पिशवीतून, केळवदवरून, राज्याची हद्द ओलांडून रामाकोन्यात. कुठल्याही नाक्यावर कुणी विचारलं नाही.

‘लुचाई’ मी लाइन गेलेल्या रात्री कंदिलाच्या उजेडात वाचली. टरकलो होतो, खोटं कशाला बोलू. मोठ्या आईने माझा चेहरा पाहिला आणि म्हणाली, “वाच मोठ्यानं. पाहू तं कोण आहे.”

तेव्हापासून आमच्या घरी पिशाच्चांची उलटतपासणी सुरू झाली. मोठ्या आईची पद्धत भुमकाची, म्हणजे आमच्याकडच्या मांत्रिकाची. भूत आलं की आधी त्याचं गाव, कूळ आणि मागणं विचारायचं. आमचं भूत सरळ असतं. मुंज्याची सोडमुंज राहिली म्हणून तो पिंपळावर बसतो. बाळंतपणात गेलेलीचा जीव लेकरात अडकलेला असतो. कुणाला लुगडं पाहिजे, कुणाला कोंबडं. दिलं की विषय मिटला. ड्रॅक्युलाला मात्र काय पाहिजे?

“लंडनमधे घर,” मी सांगितलं.

“घर?”

“हो. त्या वकिलाले त्यानं त्यासाठीच तं बोलावलं. घराचे कागदपत्र करायले.”

मोठी आई बराच वेळ गप्प होती. “म्हंजे रजिस्ट्रीची भानगड आहे,” ती शेवटी म्हणाली. “मंग तो सोडत नाही.” काउंटचा दरारा तिच्या मनात बसला तो या एका गोष्टीने.

व्हॅम्पायर मला आवडतो तो त्याच्या शिस्तीसाठी. रामाकोन्यात त्याचा निभाव लागेल का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. घरातल्या कुणी पहिल्यांदा आत बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. हे कलम आमच्याकडे पहिल्याच संध्याकाळी बाद. ओसरीसमोरून कुणीही जाऊ दे, “या ना भाऊ, बसा, चहा घ्या” हे तोंडातून आपोआप निघतं. काउंटला रात्रभर चौदा घरचा चहा पाजतील आणि रक्त प्यायला त्याच्या पोटात जागा उरायची नाही. वाहतं पाणी त्याला वाटेल तेव्हा ओलांडता येत नाही, भरती-ओहोटीचा मुहूर्त लागतो. पण मे महिन्यात कन्हान नदीला वाहतं म्हणायला तोंड धजत नाही. कोरड्या वाळूतून चप्पल हातात घेऊन येईल.

ऊन? इथे जाणकार वाचक म्हणून माझी जरा मान ताठ होते. उन्हात व्हॅम्पायरची राख होते हे स्टोकरच्या पुस्तकात नाहीच. त्याचा काउंट भर दिवसा लंडनच्या रस्त्यात उभा असतो, फक्त अंगातली शक्ती कमी झालेली. उन्हाने मरायचं दुखणं त्याला लावलं १९२२च्या ‘नोस्फेरातु’ या जर्मन मूकपटाने. त्या लोकांनी परवानगी न घेताच कादंबरी उचलली होती. स्टोकरची विधवा कोर्टात गेली आणि चित्रपटाच्या साऱ्या प्रती नष्ट करायचा हुकूम निघाला. काही वाचल्या, तेवढ्या पुरल्या. जे ऊन सौंसरच्या मे महिन्यात भल्याभल्यांना आडवं करतं, त्यात काउंट टिकला असता का, हे मात्र स्टोकरला विचारायला हवं होतं.

लसणाचा प्रकार तर मोठ्या आईने आधीच ओळखला. काउंटच्या तावडीत सापडलेल्या लूसीला वाचवायला प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग खोलीभर लसणाची फुलं लावतो, खिडक्या बंद करतो. रात्री लूसीची आई येते, वासाने वैतागते, फुलं काढते आणि खिडकी उघडते. “मायच ती,” मोठी आई म्हणाली. “मी बी तेच केलं असतं. कोंडून घेतलं पोरीले!” पुढे लूसीला चार पुरुष आळीपाळीने आपलं रक्त देतात. रक्ताचे गट माणसाला कळले कादंबरीनंतर तीन-चार वर्षांनी, लँडस्टायनरमुळे. म्हणजे त्या पोरीच्या जिवाला काउंटइतकाच धोका डॉक्टरांचाही होता. हे मी सांगितलं, तेव्हा माझ्या वाचनाबद्दल पहिल्यांदाच घरात कौतुकाचा सूर निघाला.

भाचीची पिढी वेगळी. तिचं ‘ट्वायलाइट’. त्यातला एडवर्ड उन्हात मरत नाही, चमकतो. मला तो मेकअपवाला वाटतो, पण भाचीपुढे बोलायची सोय नाही. तिने मोठ्या आईला भारी उमाळ्याने गोष्ट सांगितली : तो दिसतो सतराचा, पण आहे शंभराच्या वर, आणि शाळेत येतो.

“शंभर वर्षाचा झाला,” मोठी आई म्हणाली, “अन् अजून बारावी निघाली नाही?”

भाची दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

‘ड्रॅक्युला’चा शेवट मी मोठ्या आईला पाणी तापवायच्या चुलीपाशी बसून सांगितला. सूर्य बुडायला आलेला, खोक्यात पडलेला काउंट, हार्करने त्याच्या गळ्यावर चालवलेली कुकरी (हे हत्यार आपल्या हिमालयाकडचं, याचा मला उगाच अभिमान) आणि काळजात घुसलेला दुसरा सुरा. त्याची माती होते, पण त्याआधी क्षणभर चेहऱ्यावर शांती दिसते.

“सुटला बिचारा,” ती म्हणाली. चुलीत लाकूड सारलं. मग विचारलं, “तेरवी कोणं केली?”

“कोणीच नाही. तसं काही नाही त्यात.”

“पिंडदान?”

“नाही.”

“मंग तो येतेच परत.”

तोवर त्याच्यावर किती सिनेमे निघाले होते, ते मी तिला सांगितलं. तिला काहीच नवल वाटलं नाही.