ऐंशी टक्क्यांचे नाना

नानांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या खाड्यांच्या फुल्या आहेत, सिलिंडर लावल्याची तारीख आहे, आणि गेल्या दिवाळीपासून प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने बारीक लिहिलेले दोन आकडे आहेत. २४–८०. २७–८०. २२–७९. एवढा रक्तदाब असलेला माणूस रोज संध्याकाळी कट्ट्यावर येऊन तावातावाने राजकारण कसं बोलतो, असं मला वाटलं, म्हणून विचारलं.

"रक्तदाब कसला! घड्याळाचं आहे ते. कितीला लावलं, कितीला काढलं."

हे नाना तुमच्याही सोसायटीत असतील. मजला वेगळा, एवढंच. आमचे डोंबिवलीतले. मुलगा टेक्सासला. आईवडिलांची काळजी वाटते आणि येता येत नाही, अशा वेळी मुलं जे पाठवतात ते त्याने पाठवलं : स्मार्टवॉच. ते ठोके मोजणार, पावलं मोजणार, झोप मोजणार, आणि बाबांची खुशाली परस्पर मुलाच्या फोनवर पोचवणार, अशी योजना होती.

पहिल्याच रात्री नानांना कळलं की यातलं प्रत्येक काम बॅटरी खातं. मग सुरू झाली काटकसर. घड्याळाच्या पाठीवरचा ठोके टिपणारा हिरवा दिवा आधी गेला. "चोवीस तास तेवत ठेवायला ते काय देवघर आहे?" हात वर केला की काच आपोआप उजळायची. पण डास मारायला हात उचलला तरी ती उजळते हे लक्षात आल्यावर तीही सोय गेली. ब्लूटूथ बंद, म्हणून निरोप बंद. थरथर बंद. झोप मोजणं तर आपोआपच बंद, कारण रात्री नाना घड्याळ काढून ठेवतात. घड्याळालाही विश्रांती हवी. आता बटण दाबलं की त्यात वेळ तेवढी दिसते. ते बटणही उगाच कशाला दाबायचं, म्हणून कट्ट्यावर नाना मला विचारतात, "किती वाजले हो?"

चार्जिंग मात्र बघण्यासारखं असतं. आंघोळ झाली की जुन्या धोतराच्या तुकड्याने आधी घड्याळाची पाठ पुसायची. घामातलं मीठ त्या दोन सोनेरी टिकल्यांवर बसतं आणि मग वीज नीट जात नाही, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. मग आपल्या पहिल्या मोबाइलचा जुना अ‍ॅडॉप्टर कपाटातून काढायचा. नातवाच्या झटपट चार्जरला या घरात बंदी आहे. "बाळाला पळीने पाजतात, घागरीने नाही." अहो नाना, अ‍ॅडॉप्टर कितीही दांडगा असला तरी घड्याळ त्याला पेलेल तेवढंच ओढतं, असं मी एकदा म्हणालो होतो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही.

जागाही ठरलेली. उन्हाची खिडकी नाही, फ्रिजचा माथा नाही. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते, म्हणून मे महिन्यात घड्याळाचा मुक्काम माठाशेजारी. काकू म्हणतात, "पाण्याजवळ वायर! एक दिवस दोघंही जाल." नाना ऐकत नाहीत. ते स्टुलावर बसून आकडा बघत असतात, कारण ते घड्याळ ऐंशीला आपण होऊन थांबत नाही. आतून काकू कुकरच्या शिट्ट्या मोजत असतात, बाहेर नाना टक्के. "माझ्या गुडघ्यांचं इतकं केलं असतंत तर आज मी पर्वतीला गेले असते," हे काकूंचं वाक्य साधारण त्रेसष्ट टक्क्यांना येतं.

ऐंशीच का, हे मात्र नानांकडूनच ऐकावं. लिथियमच्या बॅटरीला उपासही सोसत नाही आणि तुडुंब पोटही. सतत शंभरावर ठेवली की तिची ताकद लवकर उतरते. यात चूक काही नाही. गंमत अशी की पूर्वी हेच नाना मोबाइल पार मेल्याशिवाय चार्जरला लावू देत नसत. ते शास्त्र निकेल-कॅडमियमच्या जमान्यातलं. लिथियम-आयन १९९१ साली बाजारात आली. नानांच्या घरी ती बातमी तीसेक वर्षांनी पोचली. पण पोचली ती अशी, की या बॅटरीच्या जनकांपैकी एक, जॉन गुडइनफ, आता त्यांच्या घरचेच झालेत. मुलाच्याच टेक्सासातले प्राध्यापक. ९७व्या वर्षी, २०१९ साली, नोबेल मिळालं. २०२३ साली गेले तेव्हा वय १००.

"बघा," नाना गंभीरपणे म्हणाले, "शंभरापर्यंत नेलं की काय होतं."

मला वाटतं, हे सगळं गुडइनफच्याही आधीचं आहे. नोकरीची चाळीस वर्षं नानांच्या मनगटावर एचएमटीचं जनता होतं. रोज सकाळी सात-पाचच्या बातम्या लागल्या की ते चावी द्यायचे. कधीही करकचून नाही. शेवटचे दोन आटे सोडायचे, स्प्रिंगवर ताण नको म्हणून. ते घड्याळ अजून कपाटात आहे आणि अजून चालतं. पगारही त्यांनी असाच वापरला, शेवटचे दोन आटे सोडून.

परवा पहाटे साडेपाचला माझा फोन वाजला. टेक्सासहून नानांचा मुलगा. आवाज कापत होता. "काका, जरा वर जाऊन बघता का? बाबा फोन उचलत नाहीत. आणि किती दिवसांत त्यांचा एकही ठोका आलेला नाही. पावलंही शून्य. मी आज पहिल्यांदाच उघडून बघितलं."

तीन मजले धावत चढलो. माझेच ठोके मोजण्यासारखे झाले होते. बेल दाबली, दार बडवलं. दार उघडलं ते नानांनीच. बनियन, पंचा, मनगट मोकळं.

"नाना, बरे आहात ना? मुलगा विचारतोय."

"थांबा, बघून सांगतो," म्हणून ते आत माठापाशी गेले आणि चष्मा सारखा करत परत आले.

"एकाहत्तर. म्हणावं, अजून दहा मिनिटं लागतील."