खिशातली पहार

कुठल्याही घरातला चमच्यांचा ड्रॉवर उघडा. मान मुरगळलेला एक चमचा त्यात सापडतोच. तो जेवताना वाकलेला नसतो. कधीतरी त्यानं रंगाचा डबा, तुपाच्या डब्याचं झाकण नाहीतर खिडकीची फुगलेली फळी उचकटलेली असते. आमच्याकडे हे खातं आईकडे आहे. ती उलथन्याच्या टोकानं वाटेल ते उघडते आणि लगेच त्याच उलथन्यानं धिरडं उलटते. अशा घरात, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायला मी सात सेंटिमीटरची पहार शोधतोय, हे जाहीर करणं सोपं नव्हतं.

बोहरी आळीतल्या लोखंडी सामानाच्या दुकानात तर त्याहून अवघड गेलं.

‘‘पहार? किती फुटी देऊ?’’

मी अंगठा आणि तर्जनी ताणून अंतर दाखवलं. दुकानदारानं आधी माझ्या बोटांकडे, मग तोंडाकडे पाहिलं आणि आतल्या पोराला हाक मारली, ‘‘अरे, साहेबांना खेळण्यांचं दुकान दाखव.’’

वास्तविक यात हसण्यासारखं काही नाही. चाकूनं काही उचकटायला गेलं की त्याचं टोक तुटतं, किल्ली वाकते आणि नखाचं काय होतं ते लिहवत नाही. या तिघांचा जीव वाचवणं एवढंच या पट्टीवजा पहारीचं काम. आणि तरफ लहान असली म्हणून तिचं गणित बदलत नाही. टोकापासून ५ मिलिमीटरवर टेकू आला आणि मागे ६५ मिलिमीटर दांडी उरली, की बोटांचा जोर १३ पट होतो. खरा घोळ टोकाशी आहे. फटीत शिरायचं तर ते पातळ हवं, शिरल्यावर वाकू नये म्हणून जाड हवं. एकाच उमेदवारात इतके परस्परविरोधी गुण एरवी फक्त वधूवरसूचक मंडळात मागितले जातात.

मग धातूचा प्रश्न. टायटॅनियमचं वजन पोलादाच्या जेमतेम साठ टक्के, गंजायचं नाव नाही, आणि नुसतं ‘टायटॅनियम’ म्हटलं तरी माणूस जरा ताठ बसतो. त्यातलं नावाजलेलं ‘ग्रेड ५’ म्हणजे साधारण ९० टक्के टायटॅनियम, ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. किंमत मात्र पूर्ण शंभर टक्क्यांची. पण नीट पाणी दिलेल्या पोलादापुढे ते मऊच. टोक लवकर बोथटतं. साध्या पोलादाचं टोक टिकतं, पण ते घेऊन कोकणात गेलात तर एका पावसात तांबडं होऊन परत येतं.

शिवाय बनवणाऱ्यांना पट्टी कोरी ठेववत नाही. एक पाव इंची षटकोनी भोक, स्क्रूड्रायव्हरचं टोक बसवायला. ते टोक वेगळं सांभाळायचं. एक खाच, सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच उघडायला. अमेरिकेत विल्यम पेंटर यांनी या बुचाचं पेटंट १८९२ मध्ये मिळवलं, आणि आमच्या घरात तसली बाटली बहुधा त्याच सुमारास शेवटची आली असावी. मला आदर वाटतो तो पी-३८चा. अमेरिकी सैन्यासाठी १९४२ साली तयार झालेला, जेमतेम दीड इंची, डबे फोडायचा ओपनर. घडीचं एक पातं, एक भोक, संपलं. सैनिक तो ओळखपट्टीच्या साखळीत अडकवायचे आणि घरी परतल्यावर किल्ल्यांत.

म्हणून मीही खाचाखोचा नसलेली साधी स्टेनलेस पट्टी मागवली. ती जुडग्यात घालायची तर कडीचे दोन वेढे फाकवायला हवेत, आणि वेढे फाकवायला उचकटायचं हत्यार हवं. ते हातात होतं. पण तेच फटीत अडकवलं तर तेच आत कसं सरकवायचं? आईनं न बोलता उलथनं पुढे केलं.

ग्रिलला रंग द्यायचा होता तेव्हा मात्र पट्टीनं नाव काढलं. जुन्या डब्याच्या खाचेत वाळलेल्या रंगाची कडक साय असते. ती आधी टोकानं गोल कापून घ्यायची, मग झाकण एकाच जागी न उपसता दोन-दोन बोटांवर थोडं थोडं उचलत डब्याभोवती फिरायचं. झाकण ‘टक्’ करून सुटतं, कड सरळच्या सरळ राहते आणि उरलेला रंग पुढच्या वर्षीही रंगच राहतो.

ही कीर्ती शेजारी पोचली. ‘‘काका, तुमचं ते उचकटायचं द्या ना दोन मिनिटं,’’ म्हणून शेजारचा मुलगा जुडगा घेऊन गेला, डबा उघडला आणि जुडगा खिशात टाकून ब्रश आणायला बाजारात गेला. माझ्या स्कूटरवरून. आई पंढरपूरला गेलेली; मी कोथिंबीर आणि दूध घेऊन जिन्यात. तासाभरानं पाचव्या पायरीवर बसून मी मोबाईलवर पट्टी झटकन वेगळी करता येईल असे हूक पाहायला लागलो. टायटॅनियमचेही मिळतात.