दारी झुलणारी फेरारी

फुकट मिळालेली गाडी किती महाग पडते, याचा धडा उभ्या महाराष्ट्राने सचिनच्या फेरारीवरून घेतला. २००२ साली तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली आणि फियाटने मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. गाडी पाऊण कोटीच्या घरातली. सीमाशुल्क मात्र एक कोटीच्या वर! आधी माफी, मग गदारोळ, मग कोर्ट, आणि अखेर कंपनीनेच पैसे भरले.

पण शुल्क एकदाच भरायचं असतं. खरा खर्च पुढे, आणि तो गाडी न चालवताही होतो.

याच ३६० चा टायमिंग बेल्ट दर तीन वर्षांनी बदलावा, असा दंडक. गाडी तीन वर्षांत फक्त कोथरूड ते कॅम्प फिरली असली तरी बेल्ट म्हातारा होतोच. आधीच्या एफ ३५५ मध्ये या कामासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागे. ३६० ला सीटच्या मागे एक झाकण दिलं, मेकॅनिक तिथून हात घालू लागला. इटालियन लोक याला काटकसर म्हणत असावेत. अशा गाड्यांना ऑइलही आठ-दहा लिटर लागतं. पुण्याची लाडकी स्कूटर पाऊण लिटरवर खूश असते. गाडी उभी राहिली तर अलार्म आणि संगणक बॅटरी पिऊन टाकतात, म्हणून पार्किंगमध्ये तिला कायम चार्जर लावून ठेवायचा. थोडक्यात, सलाइनवरचा पेशंट. सुटा भाग हवा असेल तर अख्खी नाना पेठ पालथी घालूनही तो मिळत नाही. परदेशातून येईपर्यंत वाट पाहायची.

तरी हे बरं. मॅक्लारेन एफ-वन या नव्वदच्या दशकातल्या गाडीची तपासणी करायला कंपनीला त्याच काळातले कॉम्पॅकचे जुने लॅपटॉप सांभाळून ठेवावे लागले होते. गाडीबरोबर लॅपटॉपचीही सर्व्हिसिंग!

पुण्यात यावर गतिरोधकाचा अधिभार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे हळूहळू चढणारा. स्पोर्ट्स कारच्या पोटाखाली साधारण अकरा-बारा सेंटिमीटर जागा असते. कागदावर जमतं. पण इथले बरेच गतिरोधक सोसायटीच्या सभेत ठराव करून जन्माला येतात, आणि ठरावात रुंदीचा उल्लेख नसतो. मग कार्बन फायबरचा पुढचा ओठ ‘खर्रर्र’ करतो आणि मालकाच्या तोंडावर लाखाचा आकडा उमटतो. नाक वर उचलायची यंत्रणा काही गाड्यांत मिळते. तिचेही पैसे वेगळे.

हा हिशेब पुण्याच्या एका तरुणाने फार लवकर केला होता. सायरस पूनावाला यांनी विशीत मित्राबरोबर १२० डॉलरमध्ये जग्वार डी-टाइपच्या धर्तीवर स्पोर्ट्स कारचा नमुना बनवला. पण तशा गाड्या मोठ्या प्रमाणावर काढायला लागणारं भांडवल आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. १९६६ मध्ये त्यांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली. पुढे लशींच्या जिवावर घरात गाड्यांचा ताफा आला. आधी गाडी काढली असती तर ताफ्याची शक्यता कमी होती.

बाकी हौशी मंडळींना दिलासा देणारा एकच कागद आहे. थर्ड पार्टी विम्याचा २०२२ साली ठरलेला दर १५०० सीसीवरच्या खासगी गाडीला वर्षाला ७,८९७ रुपये. इंजिन लॅम्बोर्गिनीचं असो की शेजारच्या काकांच्या जुन्या इनोव्हाचं. खर्चाचा विषय निघाला की मालक हाच आकडा सांगतो. बायकोलासुद्धा.