काच चढेपर्यंत

आपल्याकडे खरा निरोप घरात होत नाही, गाडीच्या काचेपाशी होतो. 'येतो' म्हणून झालेलं असतं, चपला घालताना मुख्य विषय निघालेला असतो, आणि गाडी सुरू झाली की काकूंना लोणच्याची बरणी आठवते. या कार्यक्रमाला जुन्या गाडीची सावकाश चढणारी काच फार मानवते. बटण दाबलं की ती कुंथत निघते, निम्म्यावर दम खाते, आणि तेवढ्यात 'पोचल्यावर फोन करा', 'घाटात जपून' आणि 'दादाच्या मुलीचं बघा जरा' एवढं सगळं फटीतून आत येतं. भांडणात मात्र ती दगा देते. पार्किंगवरून एखाद्याला चार शेलके शब्द सुनावून काच वर करावी, तर ती चढेपर्यंत दोघांनी एकमेकांकडे बघत बसायचं. शेवटी त्यालाच कीव येते.

माझी गाडी २००६ सालची. तिची काच उतरताना झरझर उतरते, कारण तेव्हा काचेचं वजन मोटरच्या बाजूने असतं. रड असते ती चढतानाची. त्यातही चालकाच्या बाजूची काच आधी थकते. टोल, पार्किंगची पावती, पत्ता विचारणं, सगळं तिच्याच वाट्याला. महामार्गावरच्या टोलमधून तिला २०२१ मध्ये सक्तीच्या फास्टॅगने सोडवलं खरं, पण तोवर तिची उमेद गेली होती.

गॅरेजमधलं निदान ठरलेलं: 'साहेब, मोटर गेली.' जी वस्तू महाग, तीच नेमकी गेलेली असते. बऱ्याचदा हे वड्याचं तेल वांग्यावर असतं. काच ज्या खोबणीतून सरकते तिथल्या रबराला आतून मऊ लव असते. वर्षानुवर्षं धूळ बसून ती झिजते, रबर वाळतं आणि काचेला धरून ठेवतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचेवरच्या फिल्मला मनाई केल्यावर ज्यांनी ती नखांनी ओरबाडून काढली, त्यांच्याकडे वर जुना गोंदही असतो.

खात्री करायची असेल तर संध्याकाळी इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवा, गाडीतला दिवा लावा आणि काचेचं बटण दाबा. दिवा चांगलाच मंदावला, तर मोटर जीव तोडून ढकलते आहे आणि काच अडते आहे. दिवा ढिम्म आणि काचही मरगळलेली, तर वीजच पुरती पोचत नाही. बटणातले कॉन्टॅक्ट काळे पडलेत, किंवा दाराच्या बिजागरीपाशी वाकून वाकून वायर तुटत आली आहे, किंवा मोटरचे कार्बन झिजलेत. शेवटचं निघालं तर मेकॅनिकची माफी मागावी.

रबराचा इलाज घरी होतो. पट्टीला ओलं फडकं गुंडाळून खोबणीतून फिरवायचं. पहिल्या फेरीला ते काळं निघतं, पुढच्या फेरीला तांबडं, आणि आपण कोकणात कधी गेलो होतो यावर घरात चर्चा सुरू होते. खोबण वाळली की सिलिकॉन स्प्रे मारायचा आणि काच वर-खाली करायची. तेल किंवा ग्रीस नाही. १९४०च्या सुमारास अमेरिकेत पॅकार्डच्या आलिशान गाड्यांच्या काचा तेलाच्या दाबावर चढत असत. आमच्या गल्लीतल्या काहींची तेलावरची श्रद्धा अजून तेवढीच आहे. पण त्या तेलाने रबर फुगतं, त्यावर धूळ चिकटते, आणि महिन्याभरात काच आधीपेक्षा जास्त रुसते.

स्प्रेने काच नवी होत नाही, पण मधे थांबायचं सोडते. तेवढ्यासाठी दाराचं पॅड उघडू नये. त्याच्या प्लास्टिकच्या क्लिपा वयाने ठिसूळ झालेल्या असतात. एकदा उघडलेलं दार पुढे प्रत्येक खड्ड्याला उत्तर देतं.

हे काम मे महिन्यातच उरका, पहिला पाऊस अर्ध्या उघड्या काचेची वाट पाहत नाही. आणि गाडीत लहान मुलं बसत असतील तर काच चपळ झाल्याचं त्यांना आधी सांगा. बोट अडकलं की आपणहून मागे फिरण्याची अक्कल जुन्या गाड्यांच्या काचांना बहुधा दिलेली नसते.